रिकाम्या संगणकाला अटकळीच्या कामाला लावताना

गणितज्ञ कापरेकरांचा ६१७४ बहुतेकांनी शाळेत करून पाहिलेला असतो. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून गाडी हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथे येतात. हे कशावरून म्हणायचं? ०००० ते ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांतून एकसारख्या अंकांच्या दहा काढल्या की ९,९९० उरतात. त्या सगळ्या तपासल्या की झालं, आणखी सिद्धता लागत नाही. (कापरेकरांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यातलं. १२१, १२३२१, १२३४३२१ या जातीच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं ते डेम्लो स्टेशनवरून, म्हणजे आजची डोंबिवली. लोकलची वाट बघताना करण्यासारखं गणित आपल्याकडे आधीपासून आहे.)

अडचण येते ती संख्या संपत नाहीत तेव्हा. मग उरते ती अटकळ, म्हणजे खरा वाटणारा पण अजून सिद्ध न झालेला दावा. अशा अटकळी तपासायला जगभरातले लोक आपापल्या घरचे संगणक रात्री मोकळे सोडतात. सर्व्हर कामाचे तुकडे वाटतो, तुमचं यंत्र तुकडा सोडवून उत्तर परत पाठवतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि अर्ध्या तासात बसतं. खरी मेहनत दोन ठिकाणी आहे: कोणता प्रश्न घ्यायचा ते ठरवणं, आणि आपलं यंत्र चुकीची उत्तरं देत नाही याची खात्री करून घेणं. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत दुसरं काम जास्त अवघड, कारण इथला उन्हाळा, दमट हवा आणि धूळ.

कोणता प्रश्न घ्यायचा

सगळ्या अटकळी संगणकापुढे सारख्या वागत नाहीत. कोलाट्झची घ्या. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. शेवटी १ येतोच, असा दावा. डेव्हिड बारिना यांच्या गणनेत २ च्या ७१ व्या घातापर्यंत एकही संख्या निसटलेली नाही. पण हे २ च्या ७०० व्या घातापर्यंत नेलं तरी अटकळ सिद्ध होणार नाही. एक संख्या निसटली तर मात्र अटकळ तिथेच संपेल. इथे घरचा संगणक आडवं येणारं उदाहरण शोधतो, आणि ते नसेल तर शोध कधीच संपत नाही.

दुसरी जात ४२ ची. तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज ४२ होते का? १०० च्या आतला हाच एक आकडा शेवटी अडून राहिला होता. २०१९ मध्ये अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी चॅरिटी इंजिन या जाळ्यातल्या घरगुती संगणकांवर दहा लाख तासांहून जास्त गणना चालवली आणि उत्तर मिळालं: ८०४३५७५८१४५८१७५१५ आणि १२६०२१२३२९७३३५६३१ यांच्या घनांच्या बेरजेतून ८०५३८७३८८१२०७५९७४ चा घन वजा केला की ४२. उत्तर सापडलं आणि प्रश्न मिटला.

तिसरी जात नवशिक्याला सगळ्यात चांगली, कारण तिथे यादी असते आणि ती संपू शकते. सिएरपिन्स्कीचा प्रश्न असा: एक विषम संख्या ‘क’ घ्या आणि क × २^न + १ मध्ये न ला १, २, ३ असं वाढवत जा. बहुतेक क साठी कुठेतरी मूळ संख्या मिळते. ४७ साठी न = ५८३ पर्यंत थांबावं लागतं, पण मिळते. काही क मात्र असे आहेत की कधीच मिळत नाही. ७८,५५७ हा त्यातला, हे जॉन सेल्फ्रिज यांनी १९६२ मध्ये दाखवलं. त्यांची युक्ती कागदावर करता येते:

न सम असेल तर संख्येला ३ ने भाग जातो. न ला ४ ने भागून बाकी १ उरली तर ५ ने जातो. न ला ३ ने भागून बाकी १ उरली तर ७ ने. १२ ने भागून ११ उरले तर १३ ने. आता फक्त १२ ने भागून ३ उरणारे न राहिले. त्यांना ३६ ने भागलं तर बाकी ३, १५ किंवा २७ येते, आणि या तिघांचा बंदोबस्त अनुक्रमे ७३, १९ आणि ३७ करतात. एकही न सुटत नाही. वहीत न = १५ करून बघा: ७८,५५७ ला १९ ने भागून बाकी ११, २ च्या १५ व्या घाताला १९ ने भागून बाकी १२; ११ × १२ + १ = १३३, म्हणजे १९ × ७.

७८,५५७ हीच अशी सगळ्यात लहान संख्या, ही अटकळ. ती सिद्ध करायला त्याहून लहान प्रत्येक क साठी एकेक मूळ संख्या दाखवली की पुरे. २००२ मध्ये ‘सेव्हंटीन ऑर बस्ट’ हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा सतरा क उरले होते. काम पुढे प्राइमग्रिडकडे, म्हणजे घरगुती संगणकांवर मूळ संख्या शोधणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाकडे गेलं. तिथे ३१ ऑक्टोबर २०१६ ला १०२२३ × २^३११७२१६५ + १ ही ९३,८३,७६१ अंकी मूळ संख्या सापडली, आणि पाच राहिले: २११८१, २२६९९, २४७३७, ५५४५९, ६७६०७. हे पाच गळाले की कोणाही गणितज्ञाने एक ओळ न लिहिता अटकळ सिद्ध होते. संगणकाच्या तपासणीला सिद्धतेचं वजन येतं अशा जागा फार थोड्या आहेत, म्हणून आमचं झुकतं माप इथे.

चौथा पर्याय गिम्प्स. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २^प − १ या रूपातल्या मर्सेन मूळ संख्या शोधतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकांची, बावन्नावी. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत ही अटकळ या शोधाने सिद्ध होणार नाही, पण यंत्र तपासायला गिम्प्सच्या सॉफ्टवेअरइतकं कडक दुसरं काही नाही. त्यामुळे काम प्राइमग्रिडचं घेतलंत तरी हे सॉफ्टवेअर लागेलच.

एका चुकीने काय होतं

हा भाग घाईने वाचू नका. २^७ − १ = १२७ ही मूळ आहे का, ते लुकास-लेहमर पद्धतीने पाहू. ४ ने सुरुवात. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी घ्या. पाच पायऱ्यांनी शून्य आलं तर मूळ.

४, १४, ६७, ४२, १११, ०. आली.

आता समजा चौथ्या जागी उष्णतेने एक बिट पालटला आणि ४२ च्या जागी ४३ नोंदला गेला. ४३ चा वर्ग १८४९, वजा २, १२७ ने भागून बाकी ६९. पुढची बाकी ६०. शून्य नाही. यंत्राने निकाल दिला: संयुक्त. मूळ संख्या हातात येऊन निसटली आणि कुठलाही दिवा लाल झाला नाही.

खऱ्या कामात पायऱ्या पाच नसतात. घातांक १० कोटींच्या आसपास असेल तर १० कोटी वर्ग करावे लागतात, तेही तीन कोटी अंकी संख्यांचे. दर वर्गाला १० मिलिसेकंद धरले तरी साडेअकरा दिवस. त्यात एकदा जरी चुकलं तरी पुढचं सगळं वाया. म्हणून २०१७ मध्ये रॉबर्ट गर्बिच यांनी सुचवलेली मधली पडताळणी आली. ती चूक पकडते आणि गणना शेवटच्या बिनचूक टप्प्यावर मागे नेते. पुढे २०२० पासून निकालाबरोबर दाखला पाठवायची सोय झाली. तो तपासायला मूळ कामाच्या अगदी थोडा वेळ लागतो, त्यामुळे दुसऱ्या माणसाला तेच काम पूर्ण करत बसावं लागत नाही. हे झालं तरी चुकणारं यंत्र चालवू नये. पडताळणीने चूक पकडली जाते, पण मागे जाऊन पुन्हा करण्याची वीज तुमच्याच मीटरवर पडते.

यंत्र

नवं घ्यायची गरज नाही. कंपन्यांतून निघालेले, नव्याने साफ करून विकलेले डेस्कटॉप या कामाला उत्तम. उदाहरणाला आय५-८५०० धरू: सहा कोअर, ९ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), ६५ वॉट. त्याच्या आधीच्या पिढ्याही चालतील, पण प्रोसेसरला एव्हीएक्स२ (एका फटक्यात अनेक आकडे हाताळायची सोय) हवंच. ते नसेल तर तेवढ्याच विजेत काम बरंच कमी होतं.

रॅममध्ये लोक फसतात. अशा डेस्कटॉपमध्ये बहुधा एकच पट्टी असते. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन लावा, आणि मदरबोर्डवर सारख्या रंगाच्या खाचांत. एका पट्टीवर मेमरीचा रस्ता अरुंद राहतो आणि सहापैकी दोन-तीन कोअर नुसते वाट बघत बसतात. कामाच्या खिडकीत सीपीयू १०० टक्केच दिसतो, म्हणून हे लक्षातही येत नाही. रॅमचा वेग बायोसमधून वाढवलेला असेल, म्हणजे एक्सएमपी चालू असेल, तर पहिल्या महिन्यात बंद ठेवा.

लॅपटॉप चालतो, पण दोन कोअरवर आणि कडक पृष्ठभागावर. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा ओढू शकत नाही. कामाचे तुकडे आणून देणारं बॉइंक हे सॉफ्टवेअर मोबाइलवरही बसतं, बसवू नका. बॅटरी फुगते, आणि काम नगण्य.

ऑफिसच्या संगणकाचा विचार मनातून काढा. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रभर रिकामी बसणारी यंत्रं पाहून मोह होतो, पण लेखी परवानगीशिवाय नको. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या अडीच हजारांवर संगणकांवर असंच मूळ संख्यांचं काम गुपचूप चढवलं गेलं आणि प्रकरण तपासयंत्रणेपर्यंत गेलं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना केलेल्या वापराबद्दलच आहे.

आधी छळ, मग काम

गिम्प्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्राइम९५ उतरवा. दुसरीकडून ‘वेगवान आवृत्ती’ म्हणून कोणी देत असेल तर त्यात बहुधा कोणाचं तरी क्रिप्टो नाण्यांचं खनन असतं. प्राइम९५ उघडल्यावर ‘जस्ट स्ट्रेस टेस्टिंग’ निवडा. खात्याची गरज नाही.

पहिली फेरी ‘स्मॉल एफएफटी’, अर्धा तास. (एफएफटी ही प्रचंड संख्या तुकडे करून भराभर गुणायची रीत.) यात प्रोसेसर कमाल तापतो. शेजारी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. ही फेरी मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीनला करा, डिसेंबरच्या पहाटे नव्हे. खोली ३४ अंशांवर असताना प्रोसेसर ८० च्या खाली राहिला तर वर्षभर काळजी नाही. ९० च्या वर गेला तर क्रमाने हे करा:

डबा उघडून पंख्याची आणि जाळीची धूळ ब्लोअरने उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने ते गरगर फिरून बेअरिंग जातं. घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामाची धूळ इतकी की हे दर दोन महिन्यांनी करावं लागतं. खाडीकाठच्या घरांत तीच धूळ दमट होऊन चिकटते, मग ब्लोअरने निघत नाही. मऊ ब्रश लागतो.

तरी तापत असेल तर थर्मल पेस्ट बदला. जुनी खडखडीत वाळलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. बहुतेक यंत्रांवर यामुळे टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. वेग थोडा उतरतो, पण तापमान आणि वीज त्याहून पुष्कळ जास्त उतरतात. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला टर्बो हवाच कशाला?

दुसरी फेरी ‘ब्लेंड’, रात्रभर. ही रॅम तपासते. सकाळी खिडकीत ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असं काही दिसलं तर यंत्र कामाला लायक नाही. याचा अर्थ असा: प्रचंड संख्यांचा गुणाकार अपूर्णांकांतून केला जातो आणि शेवटी प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणलं जातं. ७.०२ आलं तर ७, वाद नाही. ७.५ आलं तर ७ की ८? ते ठरवता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर थांबतं. कारण बहुधा रॅम. एकेक पट्टी काढून पुन्हा चालवा, दोषी सापडते. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासून परत बसवल्यावर दुखणं गेल्याची उदाहरणं इथल्या दमट हवेत भरपूर. ‘ब्लेंड’ दोन रात्री बिनचूक गेली की पुढे जा.

बॉइंक बसवणं

बॉइंक हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेलं फुकट सॉफ्टवेअर, प्रकल्प आणि तुमचं यंत्र यांच्यामधला मुकादम. अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. व्हर्च्युअलबॉक्ससकट आवृत्ती घ्यायची गरज नाही, मूळ संख्यांच्या कामाला ते लागत नाही. बसवल्यावर ‘ॲड प्रोजेक्ट’मध्ये यादीतून प्राइमग्रिड निवडा आणि खातं उघडा. ईमेल रोज पाहता तोच द्या.

लगेच ‘नो न्यू टास्क्स’ दाबा. नाहीतर सेटिंग होण्याआधीच कामं उतरतात.

आता प्राइमग्रिडच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन प्रकल्पाच्या पसंती उघडा. इथे उपप्रकल्पांची लांब यादी असते आणि काहींवर आधीच खूण असते. सगळ्या काढा. सुरुवातीला ‘प्रॉथ प्राइम सर्च’ एवढंच ठेवा. त्याची कामं लहान, चूक झाली तर लवकर कळते. सेव्हंटीन ऑर बस्टचं एकेक काम घरच्या यंत्रावर दिवसच्या दिवस चालतं. ते महिनाभराने, यंत्रावर विश्वास बसल्यावर.

त्याच पानावर एका कामाला किती थ्रेड, म्हणजे साधारण किती कोअर, द्यायचे ते असतं. हे कॅशेवरून ठरवा. गणनेतल्या प्रत्येक घटकाला ८ बाइट लागतात. कामाच्या तपशिलात एफएफटीची लांबी ४८०के दिसली तर ४८० × १०२४ × ८, म्हणजे पावणेचार एमबी. आय५-८५०० च्या ९ एमबीत अशी दोन कामं मावतात; प्रत्येकाला तीन थ्रेड द्या. सहा कामं सहा कोअरवर सोडली तर साडेबावीस एमबी हवेत, नसतात, आणि सगळी कामं रॅमकडे धाव घेऊन एकमेकांना अडवतात. १०२२३ च्या वेळची संख्या ३.१ कोटी बिटांची होती. दर घटकात साधारण १७-१८ बिट धरले तर एकट्या कामाला १४ एमबी. आजची कामं त्याच्याही पुढची, तेव्हा तिथे एकच काम, सहाही थ्रेड, आणि दोन पट्ट्यांची रॅम. प्रोसेसरला हायपरथ्रेडिंग असेल, म्हणजे एक कोअर दोन असल्यासारखा दिसत असेल, तर मोजणी खऱ्या कोअरची करा.

मग बॉइंकच्या खिडकीत ‘ऑप्शन्स’मधून ‘कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस’:

सीपीयूंचं प्रमाण १०० टक्के (यंत्रावर इतर कामही करत असाल तर ८०). सीपीयू वेळेचं प्रमाण मात्र १०० च ठेवा. ते ६० केलं की प्रोसेसर क्षणात पळतो, क्षणात थांबतो, तापमान वरखाली होत राहतं. गार ठेवायचं असेल तर टर्बो बंद करा किंवा कोअर कमी करा.

बॅटरीवर असताना थांबवायची खूण लॅपटॉपवर असू द्या. कामाचा साठा ०.१ दिवस, जादा ०.१. लोक इथे १० घालतात, मग मुदत उलटून कामं परत जातात. थांबवलेली कामं मेमरीत ठेवायची खूण लावा. दैनंदिन वेळापत्रकात रात्री ११ ते सकाळी ७ घातलं तर फक्त रात्री चालेल.

‘नो न्यू टास्क्स’ उठवा. पहिलं काम संपेपर्यंत यंत्राला हात लावू नका.

गिम्प्सच घ्यायचं असेल तर प्राइम९५ मध्येच खातं जोडता येतं. डिस्कवर जागा ठेवा: १० कोटींच्या घातांकाला एक मधला आकडा साडेबारा एमबीचा, आणि दाखल्यासाठी असे २५६ साठवायचे म्हटले तर ३.२ जीबी. शेवटी वर चढवायची फाइल शंभर एमबीच्या थोडी वर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हे आधी लक्षात घ्या. डिस्कवर नोंद मूळ सेटिंगमध्ये दर ३० मिनिटांनी होते. ती १० वर आणा.

बिल

१०० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. रात्रीचे आठ तासच चालवलं तर २४. आय५-८५०० चा डेस्कटॉप पूर्ण भारावर सॉकेटपाशी शंभराच्या आसपास घेतो. अंदाज नको असेल तर प्लगला लावायचा वॉटमीटर मिळतो.

घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. २६० युनिट जळणाऱ्या घरात ७२ मिळवले की ३३२. त्यातले ३२ महाग टप्प्यात. एसी चालू असलेल्या मे महिन्यात घर आधीच ४५० वर असेल तर २२ युनिट ५०० च्याही वर जातात. म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्रपाळी, जून ते फेब्रुवारी चोवीस तास, हे इथे परवडणारं वेळापत्रक. कळवा-मुंब्र्यात वीज टोरंटकडून येत असली तरी हिशोब हाच. एसीच्या खोलीत यंत्र ठेवू नका. त्याने सोडलेली १०० वॉट उष्णता बाहेर काढायला एसी वेगळी वीज घेतो.

ग्राफिक कार्ड असेल तर हाच हिशोब दीडशे-दोनशे वॉटने पुन्हा करा, मग ठरवा.

घराच्या इन्व्हर्टरवर यंत्र जोडू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरे. त्याचं काम गणना चालू ठेवणं नाही, दहा मिनिटांत नीट बंद करणं. पावसाळ्यात वीज पाच मिनिटांत तीनदा येते-जाते, आणि यंत्राची हार्डडिस्क त्या तिसऱ्या वेळेला बिघडते.

काय बिघडतं

काम ‘कॉम्प्युटेशन एरर’ने काही सेकंदांत पडत असेल तर बहुधा अँटिव्हायरसने प्रोग्राम उचलून अडकवलाय. लपलेल्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधलं बॉइंकचं फोल्डर अपवादात घाला, मग प्रकल्प ‘रीसेट’ करा. तासभर चालून पडत असेल तर उष्णता किंवा रॅम. पुन्हा छळाच्या फेरीकडे.

संकेतस्थळावर तुमच्या निकालापुढे ‘इनव्हॅलिड’ आलं तर ते गंभीर धरा. एक आलं तर नोंद करा, दुसरं आलं तर नवी कामं थांबवा. ‘बाकीची तर बरोबर आली’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

काम ९९ टक्क्यांवर अडकलंय असं वाटतं तेव्हा बहुधा टक्केवारीच अंदाजाची असते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये शेवटची नोंद कधी झाली ते पाहा, ती पुढे सरकत असेल तर हात लावू नका. नेट जाऊन आल्यावर कामं चढत नसतील तर बॉइंक दर अपयशानंतर जास्त जास्त वेळ थांबतं, म्हणून तासन्‌तास गप्प दिसतं. प्रकल्पावर ‘अपडेट’ दाबा.

आणि उन्हाळ्यात वेग आपोआप तिसऱ्या हिश्शाने घटला असेल तर सॉफ्टवेअरला बोल लावण्याआधी डबा उघडा.

सापडली तर

प्राइमग्रिडच्या पसंतीत मूळ संख्या सापडल्यास ती कोणत्या नावाने नोंदवायची ते आधीच भरून ठेवा. मोठी असेल तर ती जगातल्या ज्ञात मोठ्या मूळ संख्यांच्या यादीत तुमच्या नावाने जाते. खबर ईमेलने येते. तो ईमेल स्पॅममध्ये पडू देऊ नका. गिम्प्सवर सापडली तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी प्रकल्पाची पडताळणी संपू द्या. २०२४ ची संख्या एका यंत्राने डब्लिनमध्ये हेरली, पण जाहीर झाली ती दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्या पद्धतीने टेक्सासमध्ये तपासल्यावरच.

गणपतीला गावी जाताना निघण्याच्या दोन दिवस आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबा; सेव्हंटीन ऑर बस्टचं काम चालू असेल तर आठवडाभर आधी. रांग रिकामी झाली, शेवटचा निकाल ‘रिपोर्ट’ झाला की यंत्र बंद करून प्लग काढा. परत आल्यावर आधी पंख्याची जाळी, मग अर्धा तास ‘स्मॉल एफएफटी’, आणि तापमान पूर्वीइतकंच असेल तर नवी कामं चालू.